नांदीपुरती नटी

जुन्या संगीत नाटकांच्या आरंभी सूत्रधार आणि नटी यांचा एक प्रवेश असे. नांदी आटोपली की सूत्रधार पडद्याकडे पाहून नटीला हाक मारी. ती मुरडत बाहेर येई, आज कोणता खेळ करावयाचा म्हणून लाडिकपणे विचारी, ऋतूला शोभेलसे एखादे पद म्हणे आणि आत निघून जाई. मग रात्रभर नाटक चाले. राजे येत, विदूषक येत, शाप आणि उःशाप दिले जात. पण ती नटी पुन्हा म्हणून दृष्टीस पडत नसे. तिचे काम एवढेच की, बाहेर घुटमळणारे प्रेक्षक आत येऊन बसावेत आणि नाट्यगृहातील गलबला शमावा. मौज अशी की, एवढेसे कामही त्या काळी बाईच्या वाट्याला येत नसे. लुगडे नेसलेला कोणी पुरुषच ते उरकी.

हल्ली राजकीय पक्ष चित्रपटनटींना निवडणुकीस उभे करतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा ही नांदीपुरती नटीच असते. सभेला गर्दी व्हावी, मिरवणुकीला शोभा यावी, आणि एवढे झाले की तिने आत जावे. पुढचे नाटक आमचे आम्ही करू. पण एखादीने आत जाण्याचे नाकारले तर? आणि तिला पाहण्यासाठी ज्यांनी माना उंचावल्या, ते आपण सुशिक्षित प्रेक्षक तिचे बोलणे ऐकून घेण्यास तयार आहोत काय? श्रीमती उर्मिला मातोंडकर यांची कहाणी मला या प्रश्नासाठी मोलाची वाटते. राजकारणापुरते बोलावयाचे तर ती पराभवाची कहाणी आहे. परंतु तो पराभव नेमका कोणाचा, याचा हिशेब आपल्याकडे कोणी नीट मांडलेला नाही.

आमची सांगवी पवना आणि मुळा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेली आहे. लोकसभेच्या हिशेबात आम्ही मावळचे. पवना ओलांडून, दापोडी मागे टाकून भोसरीस गेले की मतदारसंघ बदलतो आणि शिरूर सुरू होतो. तो थेट चाकण, खेड, जुन्नरपर्यंत. २९ एप्रिल २०१९ या एकाच दिवशी मावळ, शिरूर आणि मुंबईच्या सहाही जागांचे मतदान होते. त्यामुळे त्या उन्हाळ्यात संध्याकाळी नदीकाठी जमणाऱ्या आमच्या मंडळाला विषयांची चंगळ झाली होती. मावळात एका मोठ्या राजकीय घराण्यातील तरुण उभा होता. शिरुरात, दूरचित्रवाणीवर संभाजी महाराजांची भूमिका करणारे डॉक्टर अमोल कोल्हे उभे होते. आणि तिकडे उत्तर मुंबईत उर्मिला मातोंडकर होत्या.

मंडळातील बहुतेक सभासद पिंपरी-आकुर्डीच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले, रोज दोन-दोन वृत्तपत्रे वाचणारे, कोणत्याही विषयावर मत नसणे हा कमीपणा मानणारे. या तिघांविषयी बोलताना त्यांची भाषा कशी पालटते, ते मी कुतूहलाने ऐकत असे. मावळच्या तरुणाचे नाव निघाले की त्याच्या घराण्याची वंशावळ निघे. कोल्हे यांचा उल्लेख 'डॉक्टर' असा होई. आणि मातोंडकर यांचा? 'ती रंगीलावाली'. एकेरी सर्वनाम आणि चोवीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटाचे नाव, एवढ्यात एका बाईच्या सबंध आयुष्याची बोळवण झाली. 'तिला राजकारणातले काय कळते?' हा प्रश्न एकाने विचारला आणि इतरांनी तो प्रश्न नसून उत्तरच आहे अशा थाटात माना डोलावल्या.

ते आयुष्य तरी काय आहे, हे पाहू. मातोंडकर यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९७४ रोजी मुंबईत झाला. घर मराठी, मध्यमवर्गीय, राष्ट्र सेवा दलाच्या विचारांशी नाते सांगणारे. डॉक्टर श्रीराम लागू यांनी दिग्दर्शित केलेल्या 'झाकोळ' या १९८०च्या मराठी चित्रपटात त्यांनी बालनटी म्हणून काम केले. १९८३ साली शेखर कपूर यांचा 'मासूम' निघाला, त्यातील मुलगी अनेक घरांना अजून आठवते. पुढे मल्याळम भाषेतील 'चाणक्यन', मग हिंदीतील 'नरसिंहा' असे करीत करीत त्यांचे नाव घरोघर पोचले, ते सप्टेंबर १९९५मध्ये लागलेल्या रामगोपाल वर्मा यांच्या 'रंगीला'मुळे.

या चित्रपटातील नायिकेचे नाव मिली जोशी. मुंबईतील एका साध्या घरातील ही मुलगी समूहनृत्यात मागच्या रांगेत नाचते आणि एक दिवस पुढच्या रांगेत येण्याचे स्वप्न पाहते. म्हणजे आपल्याच आळीतील, आपल्याच आडनावाची मुलगी. परंतु आपल्या वर्गाने तो चित्रपट पाहून लक्षात काय ठेवले, तर तिचे कपडे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ साली, याच दिग्दर्शकाच्या 'सत्या'मध्ये मातोंडकर सुती साडी नेसून मुंबईच्या चाळीत राहणारी विद्या झाल्या. 'कौन' या चित्रपटात अवघी तीन पात्रे, आणि बराचसा वेळ एका घरात एकट्या त्या. २००३च्या 'भूत'मधील कामासाठी त्यांना समीक्षकांच्या पसंतीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अमृता प्रीतम यांच्या कादंबरीवरून केलेला 'पिंजर' आला. फाळणीच्या काळात पळवून नेलेली पुरो कशीबशी सुटून घरी येते, तेव्हा जन्मदाते आईबापच तिला दार बंद करतात; ती भूमिका ज्याने पाहिली त्याला 'रंगीला' हा या बाईचा पहिला आणि शेवटचा परिचय वाटू नये. २००५ साली 'मैंने गांधी को नहीं मारा' या जाहनू बरुआ यांच्या चित्रपटात, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्ध प्राध्यापकाला सांभाळणाऱ्या मुलीचे काम त्यांनी केले. २०१४ साली मराठीत 'आजोबा' आला. माळशेज घाटापासून मुंबईच्या दिशेने चालत गेलेल्या एका बिबट्याचा माग काढणारी संशोधिका त्यात त्यांनी उभी केली. हा सर्व व्याप चौतीस वर्षांचा आहे. एखाद्या प्राध्यापकाने किंवा वकिलाने एवढी वर्षे आपल्या व्यवसायात अशी चढती कमान राखली असती, तर आपण त्यास 'अनुभवी गृहस्थ' म्हटले असते.

२७ मार्च २०१९ रोजी त्यांनी काँग्रेस पक्षात प्रवेश केला, आणि दोनच दिवसांत उत्तर मुंबईची उमेदवारी त्यांच्या नावे जाहीर झाली. मतदानाला बरोबर एक महिना उरला होता. हा मतदारसंघ म्हणजे काँग्रेसच्या दृष्टीने कोरडी विहीर. २०१४ साली तेथून भारतीय जनता पक्षाचे गोपाळ शेट्टी ४,४६,५८२ मतांच्या फरकाने निवडून आले होते. ज्या विहिरीत पाणी नाही असे घरातील सर्वांस ठाऊक आहे, तिच्यात पोहरा सोडण्यासाठी नव्या सुनेला पाठवावे, त्यातलाच हा प्रकार. तरी त्या उतरल्या. उन्हातान्हात फिरल्या, मराठीत आणि हिंदीत भाषणे केली. बोरिवली स्थानकाबाहेर त्यांच्या प्रचारफेरीत विरोधी घोषणा देणारे शिरले आणि धक्काबुक्की झाली, तेव्हा त्यांना पोलिसांचे संरक्षण मागावे लागले. २०१६ साली त्यांनी एका काश्मिरी मुसलमान तरुणाशी विवाह केला होता. त्यावरून त्यांचे नाव आणि धर्म बदलल्याच्या खोट्या कंड्या पिकविण्यात आल्या. पुरुष उमेदवाराची बायको कोणत्या धर्माची, यावरून त्याच्या स्वतःच्या धर्माविषयी शंका घेतल्याचे निदान माझ्या ऐकण्यात नाही.

माझी धाकटी बहीण बोरिवलीस राहते. मतदान झाल्यानंतर ती सांगवीस आली होती. 'दादा,' ती म्हणाली, 'आमच्या इमारतीतल्या झाडून साऱ्या बायका खाली उतरल्या होत्या बघ. फोटो काढले, हात मिळवला. ती पाण्याविषयी बोलली, लोकलच्या गर्दीविषयी बोलली, अगदी आपल्यासारखी बोलली. वर येताना समोरच्या काकू म्हणाल्या, अगं, बोलते की चांगली! जणू तिला बोलता येते याचेच त्यांना नवल.' मी विचारले, 'मग मते दिली का त्यांनी?' ती हसली. 'ते ज्याचे त्याला ठाऊक. पण बायकांचे ठरलेलेच होते रे. नटीला बघायला उतरल्या. मत पक्षाला द्यायचे होते.'

बहिणीचे ते शेवटचे वाक्य मला त्यानंतर पुष्कळ दिवस पुरले. २३ मे रोजी निकाल लागला. शेट्टी यांना ७,०६,६७८ मते पडली, मातोंडकर यांना २,४१,४३१. फरक ४,६५,२४७. आमच्या मंडळात त्या संध्याकाळी समाधानाचा एक निःश्वास पडला. 'लोक शहाणे आहेत,' असे एकमुखाने ठरले. लोक शहाणे आहेत हे मलाही मान्य आहे. पण आकडे निराळेच शहाणपण सांगतात. २०१४ साली याच जागेवर याच पक्षाचे उमेदवार होते संजय निरुपम. ते पत्रकार, मुरलेले राजकारणी, त्या वेळचे तेथीलच खासदार. त्यांना मते पडली २,१७,४२२. म्हणजे पाच वर्षे त्या भागाचे प्रतिनिधित्व केलेल्या पुढाऱ्यापेक्षा, एक महिन्यापूर्वी राजकारणात आलेल्या नटीने चोवीस हजार मते अधिकच मिळविली. उत्तर मुंबईच्या मतदाराने तिला 'नटी' म्हणून पाडले नाही. त्याने तिच्या पक्षाला पाडले. जसे आधी पाडले होते आणि २०२४ साली तिसऱ्यांदाही पाडले.

आणखी मागे गेले तर कौतुक वाढते. याच उत्तर मुंबईने २००४ साली काँग्रेसच्याच तिकिटावर एका नटाला निवडून दिले होते. गोविंदा यांनी त्या वर्षी राम नाईक यांच्यासारख्या, लोकांची कामे करणाऱ्या ज्येष्ठ नेत्यास सुमारे ४८ हजार मतांनी हरविले. गोविंदा यांच्या चित्रपटांतील नृत्ये आणि पोशाख हा काही कीर्तनाचा विषय नव्हता. तरी त्या वेळी 'याला राजकारणातले काय कळते' हा प्रश्न निवडणुकीपूर्वी फारसा कोणी विचारला नाही. पाच वर्षांनी विचारला. बाईच्या बाबतीत आपण तो आधी विचारतो आणि उत्तराची वाट पाहत नाही.

येथे मला आमच्या शेजारच्या पिंपळे गुरवमधील नाट्यगृहाची आठवण होते. त्याला निळू फुले यांचे नाव दिलेले आहे. निळूभाऊंनी पडद्यावर काय काय केले नाही? गावोगावचे लंपट पाटील, कपटी कारखानदार, बाईवर वाईट नजर टाकणारे सावकार त्यांनी असे वठविले की खेड्यातल्या बाया त्यांना पाहून बोटे मोडीत. परंतु तेच निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाचे सैनिक होते, अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आणि सामाजिक कृतज्ञता निधीसाठी गावोगाव हिंडत होते, हे महाराष्ट्राने ओळखले आणि त्यांना डोक्यावर घेतले. भूमिका निराळी आणि माणूस निराळा, हा भेद त्यांच्या बाबतीत निरक्षर माणसालाही कळला. ज्या सेवा दलाचे संस्कार निळूभाऊंवर होते, त्याच संस्कारांत वाढलेल्या आणि निळूभाऊंचे सहकारी लागू यांच्या चित्रपटातून पुढे आलेल्या या मुलीच्या बाबतीत मात्र तो भेद पदवीधरांनाही कळेना.

भूमिकेची ही चिकटण्याची गुणवत्ता मोठी विलक्षण आहे. रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेतील सीता, दीपिका चिखलिया, १९९१ साली बडोद्याहून लोकसभेवर निवडून आल्या. 'महाभारता'तील श्रीकृष्ण, आपले नीतीश भारद्वाज, १९९६ साली जमशेदपूरहून निवडून आले. इतकेच नव्हे, तर 'रामायणा'तील रावण, अरविंद त्रिवेदी, हेही १९९१ साली साबरकांठ्यातून खासदार झाले! रावणालाही लोकसभेत जागा मिळाली. सीतेला मिळणार हे तर उघडच होते. उर्मिला मात्र रामायणातल्याप्रमाणेच मागे राहिली. विनोद सोडून दिला तरी यातील तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. पुरुषाला देवाची भूमिका तारते आणि राक्षसाची मारत नाही. स्त्रीला मात्र सीतेची, सुनेची किंवा मातेची भूमिकाच काय ती चालते. नाचणाऱ्या, स्वप्ने पाहणाऱ्या मुलीची भूमिका तिच्या नावावर कायमची उधार मांडली जाते. आमच्या शेजारच्या शिरुरात अमोल कोल्हे ५८,४८३ मतांनी निवडून आले. ते जुन्नर तालुक्यातील नारायणगावचे, वैद्यकी शिकलेले, वक्तृत्व उत्तम; त्यांच्या यशात या सर्वांचा वाटा आहे आणि तो मी नाकारीत नाही. पण रोज रात्री घरातील मंडळी त्यांना संभाजी महाराजांच्या वेषात पाहत होती, आणि त्या वेषाचे तेज दुसऱ्या दिवशी सभेतील नेहरूसदऱ्यावरही पडत होते, हेही खरे. मातोंडकर यांच्या 'पिंजर'मधील पुरोचे तेज त्यांच्यावर पडले नाही. 'रंगीला'ची सावली तेवढी पडली.

हा दुहेरी मापाचा व्यवहार आजचा नाही. १९१३ साली दादासाहेब फाळके यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, तेव्हा ते काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, आणि समाजाने त्यांच्याकडे पाठ फिरविली. इकडे शालू नेसून, नथ घालून रंगभूमीवर येणाऱ्या बालगंधर्वांची मात्र महाराष्ट्राने जन्मभर पूजा केली, घराघरांतील स्त्रियांनी त्यांच्यासारखी साडी नेसण्याचा सोस केला. बालगंधर्वांच्या कलेविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण स्त्रीचे काम पुरुषाने केले की ती कला, आणि स्त्रीने केले की ती चाल, हा न्याय मला कधी समजला नाही.

पुण्याच्या प्रभात स्टुडिओच्या दारात, जेथे आज चित्रपटशिक्षणाची संस्था आहे तेथे, १९३९ साली शांता आपटे पगाराच्या वादावरून उपोषणास बसल्या होत्या. १९३७च्या 'कुंकू'मध्ये म्हाताऱ्या नवऱ्याला न स्वीकारणारी मानी नीरा त्यांनीच रंगविली होती. पडद्यावरच्या नीरेला टाळ्या वाजविणाऱ्यांतील कितीकांना दारातील शांताबाई उद्धट वाटल्या. वास्तविक मालकाविरुद्ध आपल्या हक्कासाठी दारात बसणे यालाच राजकारण म्हणतात. नटीला राजकारण कळत नाही असे म्हणणाऱ्यांनी प्रभातच्या दारातील ती तरुणी आठवावी.

एवढे बोलल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाही तर ही वकिली होईल. मातोंडकर यांनी १० सप्टेंबर २०१९ रोजी, म्हणजे पक्षप्रवेशानंतर साडेपाच महिन्यांनी, काँग्रेस सोडली. आपल्या प्रचारात झालेल्या हेळसांडीबद्दल त्यांनी पक्षाच्या मुंबईतील नेत्यांस लिहिलेले पत्र फुटले होते आणि त्यातील तक्रारीवर कारवाई झाली नव्हती. पक्षातील क्षुद्र भांडणात मोठ्या कार्याऐवजी आपला साधन म्हणून उपयोग होऊ देणार नाही, असा त्यांच्या राजीनाम्याचा आशय होता. १ डिसेंबर २०२० रोजी त्यांनी शिवसेनेत प्रवेश केला. त्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, राज्यपालांनी विधानपरिषदेवर नेमावयाच्या बारा नावांच्या यादीत मंत्रिमंडळाने त्यांचे नाव सुचविले होते. ती यादी राज्यपालांकडे पडून राहिली, २०२२ साली सरकार पडले आणि नव्या सरकारने ती मागे घेतली. जानेवारी २०२३मध्ये राहुल गांधी यांच्या पदयात्रेत त्या जम्मूजवळ चालताना दिसल्या.

सेवा दलाच्या संस्कारातून काँग्रेस, काँग्रेसमधून शिवसेना, हा प्रवास विचारांचा की सोयीचा, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. एका पराभवानंतर मतदारसंघ सोडला, असे कोणी म्हटले तर तेही खोटे नाही. राजकारण हे शेतीसारखे आहे. एक वर्ष पाऊस चुकला म्हणून शेत सोडून जाणाऱ्याच्या हाती पीक लागत नाही. जयललिता यांचे उदाहरण पाहा. १९८७ साली एम. जी. रामचंद्रन यांच्या अंत्ययात्रेत त्यांना तोफेच्या गाड्यावरून खाली ढकलण्यात आले. पण त्या घरी गेल्या नाहीत, आणि १९९१ साली तमिळनाडूच्या मुख्यमंत्री झाल्या. पुढे त्यांच्या कारभारात गैर पुष्कळ झाले आणि त्याबद्दल त्या तुरुंगातही गेल्या. पण त्या नांदीपुरत्या नव्हत्या, हे त्यांच्या शत्रूंनाही नाकारता आले नाही. दूरचित्रवाणीवरील सून म्हणून घराघरांत पोचलेल्या स्मृती इराणी २०१४ साली अमेठीत हरल्या, तेथे जातयेत राहिल्या, आणि २०१९ साली त्याच अमेठीतून जिंकल्या. २०२४ साली पुन्हा हरल्या. आपल्या अमरावतीत, तेलुगू चित्रपटांतून आलेल्या नवनीत राणा २०१४ साली पडल्या, पाच वर्षे तेथेच टिकून राहिल्या, आणि ज्या दिवशी मातोंडकर हरल्या त्याच दिवशी अपक्ष म्हणून निवडून आल्या. त्याही २०२४ साली हरल्या. या बायांची मते मला पटतात की नाही, हा येथे मुद्दा नाही. मतदाराने त्यांना नटी म्हणून निवडले नाही आणि नटी म्हणून पाडलेही नाही. त्याने एवढेच पाहिले की ही टिकते की जाते, आणि वारा कोणीकडचा आहे.

तेव्हा मातोंडकर यांचे राजकारण तोकडे पडले, हे मान्य करू. परंतु ते तोकडे का पडले, याचे कारण शोधताना आपला वर्ग तिच्या कपड्यांशी जाऊन थांबतो, हा खरा दोष आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कंगना राणावत या नटीने दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत मातोंडकर यांच्या चित्रपटांविषयी असे शब्द काढले की ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. नटीनेच नटीला हिणवावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. मला वाटले नाही. ज्या काठीने आपल्याला मारले जाते, ती काठी हाती आली की आपणही ती चालवून पाहतो, हा मनुष्यस्वभावच आहे. चार वर्षांनी त्याच कंगना राणावत मंडीहून लोकसभेवर निवडून आल्या, आणि उमेदवारी मिळताच त्यांच्याही जुन्या चित्रपटांची उजळणी झाली. काठी होती तशीच राहिली. पाठ तेवढी बदलली.

हे सारे मी एका नटीच्या कैवारासाठी लिहीत नाही. तिला माझ्या कैवाराची गरजही नाही. मला चिंता आहे ती आमच्या सांगवीतील, पिंपळे गुरवमधील, तिकडे चाकण-भोसरीतील त्या मुलींची, ज्या कधी चित्रपटात जाणार नाहीत, पण उद्या निवडणुकीस उभ्या राहतील. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. २०२३ साली संसदेने लोकसभेत आणि विधानसभांत एक-तृतीयांश जागा स्त्रियांना देणारी घटनादुरुस्तीही मंजूर केली. जागा वाढल्या की पक्ष घाईघाईने चेहरे शोधू लागतील. कोणाची पत्नी, कोणाची सून, कोणी नटी. आणि नदीकाठचे आमचे मंडळ त्या प्रत्येकीच्या आयुष्यातील एखादे छायाचित्र, एखादा पोशाख, एखादा विवाह काढून तिच्या नावापुढे कायमचा डकवील. मातोंडकर यांच्यासारख्या देशभर ओळख असलेल्या बाईला जर 'रंगीलावाली' या एका शब्दातून चोवीस वर्षांत बाहेर पडता आले नाही, तर पवनेकाठच्या एखाद्या शिक्षिकेला किंवा परिचारिकेला कसे पडता येणार?

उमेदवार बाईला विचारण्यासारखे प्रश्न पुष्कळ आहेत, आणि ते कठोरपणे विचारावेत. तुझा विचार कोणता? हरलीस तर येथे राहशील का? तुझ्या पक्षाने तुला हे तिकीट जिंकण्यासाठी दिले आहे की गर्दीसाठी, आणि गर्दीसाठी दिले असेल तर तू त्यांना काय सांगणार आहेस? हे प्रश्न पुरुषासही विचारावेत, मग तो नट असो, डॉक्टर असो की एखाद्या घराण्याचा वारस असो. मावळच्या मतदारांनी २०१९ साली घराण्याच्या नावालाही दोन लाखांहून अधिक मतांनी मागे सारले, तेव्हा असे प्रश्न विचारण्याची ताकद आपल्याकडे नाही असे नव्हे. सूत्रधाराने हाक मारली की नटी बाहेर येणारच. तिचा तो व्यवसाय आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण पद संपल्यावर आत जायचे की रंगभूमीवर उभे राहून चार शब्द स्वतःचे बोलायचे, हे तिचे तिने ठरवावे. ती बोलू लागली, तर आपण कुजबुज थांबवून तिचे म्हणणे ऐकावे, आणि पटले नाही तर खुशाल पाडावे. मात्र ते पाडणे तिच्या बोलण्यासाठी असावे.